क्लचवर पाय कुणाचा?

१

तात्याराव कुंजीरांची गाडी मुंढव्याच्या पुलाच्या चढावर चौथ्यांदा अडकली, तेव्हा मागे खोळंबलेल्या लोकांनी हॉर्न वाजवून आपापलं मत कळवलं. गाडी बंद पडली नव्हती, हेच तर नवल होतं. इंजिन चालू होतं, पाय दाबला की आणखी ओरडत होतं, पण चाकांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. क्लच घसरत होता. शेजारून जाणाऱ्या एका बसच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काका, ही फक्त ऐकायची गाडी आहे का?"

तात्यारावांनी तिथूनच मला फोन लावला.

"रणपिसेबाई, माझ्या गाडीवर कुणीतरी डाव धरलाय."

"मेकॅनिकला बोलवा."

"त्यानं तीनदा उघडली. त्याच्या हातात गेली की गुणी बाळ, आन् माझ्या हातात आली की ही नाटकं. ही यंत्राची भानगड न्हाई, माणसाची हाय. माणसाचं खोटं तुमच्याइतकं कुणी पकडत न्हाई. मलाच पकडलं हुतं की."

ते खरं होतं. मी तीस वर्षं मोटार विम्याची सर्व्हेअर होते. वीस वर्षांपूर्वी तात्यारावांचा ट्रॅक्टर 'आपोआप' विहिरीत पडला होता, आणि तो आपोआप पडत असताना सीटवर त्यांचा मेव्हणा बसला होता हे मी अहवालात नावानिशी लिहिलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षापासून दर संक्रांतीला काकवीची बरणी पाठवायला लागले.

"रविवारी जुन्या मोटारींची फेरी हाय," ते म्हणाले. "त्यात गाडी शेवटपर्यंत गेली न्हाई तर किल्ली ती सारखी विकत मागणाऱ्या सलिलला द्यायची, असा शब्द देऊन बसलोय."

"कशाला दिलात?"

"रस्त्यात तमाशा हुतो म्हणून रागाच्या भरात दिला. आता मागं कसा घेऊ?" मागचे हॉर्न चालूच होते. "बाई, हृदयात ती जाळी बसवल्यापासनं मला कुणी एकट्याला संडासला बी जाऊ देत न्हाई. ही गाडी तेवढी मी एकटा चालवतो. ती गेली तर मग मी निस्ता पेशंट."

मी वाघोलीहून निघाले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि मला कुणी फसवतंय म्हटलं की भूक लागते.

२

मांजरीत कुंजीरांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे ती उभी होती: १९५८ सालची विलायती गाडी, दोनच सीटा, उघडा टप, रंग सायीसारखा. तरुणपणी तात्याराव बैलजोडी घ्यायला गेले होते आणि कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबाकडून ही घेऊन आले. वडील आठ दिवस बोलले नाहीत. पुढच्या वर्षी लग्न झालं. म्हणून विजयमालाबाई गाडीला आजही सवत म्हणतात.

श्याम मेकॅनिक बॉनेट उघडून उभा होता. हडपसरला त्याचं गॅरेज आहे, आणि इतका टापटीप मेकॅनिक मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या पान्यांकडे पाहून मला माझ्या चमच्यांची लाज वाटली.

"मॅडम, प्लेट नवी घातली, सिलिंडर नवा घातला, नळी नवी घातली," तो म्हणाला. "आता फक्त तात्याच नवे घालायचे राहिलेत."

"तू चालवतोस तेव्हा घसरते?"

"कधीच नाही. याच पुलावरून, याच वेळेला, तीन वेळा नेली. लोण्यासारखी जाते."

"चालवण्याआधी काय करतोस?"

"क्लचच्या तेलाचा डबा बघतो." त्याने इंजिनच्या बाजूला बसवलेला लहान डबा दाखवला. वर पितळी गोल झाकण, रुपयापेक्षा थोडं मोठं. "आधी झाकण पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं, मग पंपाने हवा मारायची, मगच उघडायचं. तेलात कचरा गेला की खेळ खलास. माझ्या गुरूने पान्याने बोटावर मारून शिकवलंय."

"आणि तात्याराव काय करतात?"

"ते बॉनेट उघडत नाहीत. म्हणतात, मी गाडी चालवतो, गाडीत डोकावत नाही."

मागे दोरीवर त्याची फडकी वाळत होती. एकावर काळ्या डागांमध्ये एक तांबडा डाग होता. मी बोट दाखवलं. "गाडीत लाल काय आहे?"

"आमच्या धंद्यात काय लाल नसतं? ग्रीस लाल, गिअरचं ऑइल लाल." तो हसला, तेव्हा दातही लालच निघाले.

"हे सुरू कधी झालं?"

"तात्या दवाखान्यातून आले, महिनाभराने गाडी काढली, त्याच गुरुवारी. दर गुरुवारी सकाळी ते कॅम्पात मित्रांबरोबर चहाला जातात." मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, मी नाव घेत नाही. पण मागच्या बुधवारी चेतनभाऊ इथे गाडीखाली वाकून काहीतरी करत होते. हातात कसलीतरी पट्टी होती."

३

चेतन म्हणजे तात्यारावांचा मुलगा. वय चाळीस, वाघोलीत दोन इमारती उभ्या केलेल्या, तिसरी कागदावर. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"मॅडम, लेट्स बी प्रॅक्टिकल. पप्पांना स्टेंट पडलीये. त्या गाडीला ना पॉवर स्टीअरिंग, ना एअरबॅग. साधा सीटबेल्ट नाही."

"म्हणजे ती गेलेली तुम्हाला हवी आहे."

"ऑफ कोर्स हवी आहे. पण म्हणून मी क्लच बिघडवीन? मला बॉनेट कुठून उघडतं तेसुद्धा माहीत नाही."

"बुधवारी गाडीखाली पट्टी घेऊन काय करत होतात?"

तो चक्क लाजला. "मेजर टेप होती. शेडमध्ये माझ्या गाडीचा चार्जर बसतो का बघत होतो. पप्पांना सांगू नका प्लीज, ते टेप माझ्या गळ्याला लावतील."

शुक्रवारी सलिलला गाठला. तिशीचा, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याविरुद्ध पुरावा सगळ्यात भक्कम होता: चारही वेळा गाडी अडकल्यावर पाच मिनिटांत हा पुलावर हजर, आणि प्रत्येक वेळी विचारणार, "अंकल, विकताय का?" गाडी कुठे आणि कधी अडकणार, हे त्याला आधी कसं कळत होतं?

"मॅडम, मी मगरपट्ट्यात राहतो," तो केविलवाणा होऊन म्हणाला. "साडेनऊला ऑफिसला निघतो. दर गुरुवारी मुंढव्याला जॅम लागतो. मी उतरून बघायला जातो की जॅम कशाचा आहे. तर अंकलच असतात. माझ्या चार स्टँडअप मीटिंग बुडाल्यात. मॅनेजरला वाटतं मी थापा मारतो."

"मग गाडी घ्यायची कशाला आहे?"

"एक तर ती खूप सुंदर आहे. आणि माझ्याकडे आली तर निदान जॅम तरी थांबेल."

मी वहीतून त्याचं नाव खोडलं. इतकं मूर्खासारखं कारण कुणी बनवून सांगत नाही.

४

राहिल्या विजयमालाबाई. सवत म्हणणाऱ्या, शेडची किल्ली कमरेला असणाऱ्या. सर्व्हेअरच्या धंद्यात पहिला संशय बायकोवर घ्यायचा असतो, आणि मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

त्या स्वयंपाकघरात सुईने कुकरच्या झाकणाचं भोक साफ करत होत्या. "बसा ताई. ह्यात शीत अडकलं की वाफ कोंडती, मग कवा काय उडंल सांगता येत न्हाई." कपाळावर ठसठशीत गोल कुंकू, आताच्या चिकटवायच्या टिकल्यांतलं नव्हे, खालून मेणाचं बोट लावून वर भरलेलं. मेणाची डबी खिडकीत होती.

"गाडीबद्दल तुमचं मत काय?" मी विचारलं.

"माझं मत इचारून आणली न्हवती."

"विकावी असं वाटतं?"

"आजच्या आज." त्यांनी कुकरचं झाकण लावलं, तेही जरा जोरातच. "दवाखान्यात ह्यांना आत नेलं, तवा शुद्धीत पहिलं काय बोलले म्हाईतेय? श्यामला सांगा, बॅटरीची वायर काढून ठेव. माझं नाव तिसऱ्या दिवशी घेतलं. ते बी चहा गोड झाला म्हणून."

"गाडीला तुम्ही कधी हात लावता?"

"दसऱ्याला पुढं बॉनेटवर कुंकू लावलं हुतं. ते रंगात मुरलं. मागल्या फेरीत परीक्षकानं डाग म्हणून दोन गुण कापले, पहिला नंबर गेला. चार लोकांत माझ्यावर वरडले. म्हणले, गाडीच्या रंगाला बोट लावायचं न्हाई. तवापासनं रंगाला म्या बोट लावलेलं न्हाई."

शिट्टी झाली. मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि त्यातलं एकही वाक्य नीट वाचलं नाही. तीस वर्षांचा अनुभव असा ऐन वेळेला कमी पडतो.

घरी जाऊन मी विचार केला. रस्ता तोच, वेळ तीच, गाडी तीच. श्यामच्या हातात घसरत नाही, तात्यारावांच्या हातात घसरते. मग फरक फक्त चालवणाऱ्यात. कित्येक ड्रायव्हरांना डावा पाय क्लचवर टेकवून बसायची सवय असते. पाय नुसता टेकला तरी क्लच अर्धा दबतो, आणि चढावर घसरतो. गुन्हेगार तात्याराव स्वतःच होते!

मी त्यांना फोन करून हे सांगितलं.

"पंचेचाळीस वर्षं चालवतोय," ते म्हणाले. "उद्या या. शेजारी बसा. आन् माझ्या पायाकडं बघा."

५

शनिवारी सकाळी मी अंगणात बसले. श्यामला ताकीद दिली होती की गाडीला हात लावायचा नाही. तात्याराव आत मिशा विंचरत होते. या कामाला त्यांना वीस मिनिटं लागतात हे मांजरीत सगळ्यांना माहीत आहे. विजयमालाबाई माझ्यासाठी चहात घालायला साखर आणायला म्हणून घरामागे गेल्या, आणि बऱ्याच वेळाने परत आल्या, बिनसाखरेच्या.

आम्ही निघालो. मी मान वाकडी करून त्यांच्या डाव्या बुटाकडे बघत होते. गिअर बदलला की बूट क्लचवर जायचा आणि लगेच खाली फळीवर येऊन पडायचा. महादेव बाबा नगर गेलं, केशवनगर आलं, बूट शहाण्यासारखा फळीवर. माझी मान दुखायला लागली.

"बघताय न्हवं?" तात्याराव दर दोन मिनिटांनी विचारत होते.

मुंढव्याचा चढ लागला. इंजिन ओरडलं. गाडीने मान टाकली. मागे पहिला हॉर्न वाजला.

मी बुटाकडे पाहिलं. तो फळीवर होता, क्लचपासून चांगला वीतभर लांब. हाताने क्लचचा दांडा चाचपला. तो अर्धा इंच खाली बसलेला होता, कुणीतरी अलगद दाबून धरल्यासारखा.

पाय नव्हता, पण पायाचं वजन होतं. विम्याचे खोटे दावे तपासता तपासता मी आता भुतांवर आले की काय, असं वाटून गेलं.

मी उतरले आणि बॉनेट उघडलं. तात्याराव हॉर्नवाल्यांना हात जोडण्यात गुंतले होते, आणि तसंही ते आत डोकावत नाहीत. पितळी झाकणावर मधोमध एक लालभडक ठिपका होता. मी नखाने खरवडला. खाली चिकट, पिवळसर, मऊ.

मी रुमालाने धरून झाकण फिरवलं.

फुस्स!

"तात्याराव," मी झाकण पुसून परत बसवत म्हणाले, "आता घाला गिअर."

गाडी चढावरून अशी गेली की मलाच तिच्यामागे पळावं लागलं.

६

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. चेतन, श्याम, मगरपट्ट्याहून सलिल. विजयमालाबाई दाराशी उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. तात्याराव गाडीला टेकून होते.

"गाडीत काहीही बिघाड नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हता. या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. इंजिनच्या धगीने डबा तापला की आतली हवा तिथून बाहेर पडते. ते भोक बुजलं की हवा कोंडते आणि तेलाला पुढे रेटते. तेल पुढे गेलं की क्लच दबतो, मग वर पाय असो वा नसो. डबा तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे मांजरी ते मुंढवा. तिथे चढ आहे, आणि अर्धा दबलेला क्लच चढावरच उघडा पडतो. हे मला कालच कळायला हवं होतं. माझ्यासमोर कुकरचं भोक साफ होत होतं."

"पण मी तर दर वेळी..." श्याम म्हणाला.

"तू दर वेळी चोख काम केलंस, तोच घोटाळा झाला. पेट्रोलच्या फडक्याने पुसलंस, मेण विरघळलं. वरून हवा मारलीस, भोक मोकळं झालं. मग गाडी फिरवून आणलीस आणि म्हणालास, काही दोष नाही. गुन्ह्याचा पुरावा तू स्वतःच्या हाताने चार वेळा पुसलास, आणि दोरीवर वाळत घातलास. तो लाल डाग ग्रीसचा नव्हता."

"कुंकू होतं होय!" श्यामने कपाळाला हात लावला. "मॅडम, कुठल्या गाडीत हळदकुंकू नसतं? मी बघतसुद्धा नाही."

"भोक बुजवलं कुणी?" तात्यारावांचा आवाज चढला. "नाव सांगा."

मला नाव माहीत होतं. मेण लावून कुंकू भरणारं त्या घरात एकच कपाळ होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला अहवाल लिहावासा वाटेना.

"म्या," दारातून आवाज आला.

विजयमालाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत पुढे आल्या.

"तुम्ही दवाखान्यातनं आलात आन् महिन्यात गाडी काढली. एकटं. माझा जीव ऱ्हाईना. तुमच्या कपाळाला लावाय गेले तर म्हणता, मी काय लग्नाला चाललोय का. गाडीला लावाय गेले तर रंगाला बोट लावू नको. मग म्या कुठं लावायचं, सांगा? ह्या श्यामलाच इचारलं हुतं, गाडीचा जीव कशात असतो? ह्यो म्हणला, क्लचमधी. आन् हे झाकण दाखवलं."

सगळ्यांनी श्यामकडे पाहिलं.

"काकू, तेव्हा मी क्लच करत होतो," तो रडवेला होऊन म्हणाला. "कार्बोरेटर करत असतो तर कार्बोरेटरमध्ये म्हणालो असतो."

"तुम्ही मिशा विंचराय लागलात की म्या येत हुते. तुम्ही धड परत यावं म्हणून लावत हुते. अन् दर येळी तुम्ही रस्त्यात अडकलात, तर म्या पुढच्या येळी आणखी मेण लावलं."

सलिलने नाक ओढलं. चेतन जमिनीकडे बघत होता. तात्याराव गाडीकडे तोंड करून उभे राहिले. खिशातून रुमाल काढून त्यांनी बॉनेट पुसलं, जिथे धुळीचा कणही नव्हता. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी सातला तयार ऱ्हा. शेजारची सीट रिकामीच असती."

"मला सवतीत बसाय सांगताय?"

"बस की एकदा. पंचेचाळीस वर्षं तिच्यावर जळलीस, निदान बघ तरी कशावर जळलीस ते."

७

रविवारी गाडी कॅम्पातून शनिवारवाड्यापर्यंत आणि तिथून परत कॅम्पात आली, एकदाही न घसरता. आम्ही मागून सलिलच्या गाडीत होतो. सलिल तोंडाने उदास होता आणि डोळ्यांनी फोटो काढत होता. तात्यारावांनी आदल्या संध्याकाळीच त्याला सांगितलं होतं की किल्ली मिळणार नाही, पण दर गुरुवारी चहाला यायला हरकत नाही. पुढे विजयमालाबाईंचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि त्या सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक माणसाकडे मालकिणीसारख्या बघत होत्या.

शेवटी परीक्षक आले. गोरेगोमटे, हातात फळी, नाकावर चष्मा, प्रत्येक गाडीत काहीतरी खोट काढायची शपथ घेतल्यासारखे. आमच्या गाडीभोवती त्यांनी तीन चकरा मारल्या. टायर बघितले, आरसे बघितले, इंजिन ऐकलं. मान डोलावली. मग बॉनेटसमोर येऊन थांबले.

सायीच्या रंगावर, अगदी मधोमध, कपाळावर असावा तसा, मेणावर भरलेला लाल गोल ठिपका होता. त्या दिवशी सकाळी तो तात्यारावांनीच लावून घेतला होता. स्वतः बायकोचं बोट धरून जागा दाखवली होती, आणि ती हात मागे घेत असताना म्हणाले होते, "जरा ठसठशीत लाव."

"अरेरे," परीक्षक म्हणाले. "कुंजीरसाहेब, पहिला नंबर नक्की होता हो तुमचा. एवढ्या डागाचे दोन गुण जातात. अजून मी लिहिलेलं नाही. पटकन पुसून टाका, मी पाठ फिरवतो."

त्यांनी खरोखरच पाठ फिरवली. विजयमालाबाई घाईघाईने पदर पुढे करून वाकल्या. तात्यारावांनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"लिवा दोन गुण कमी," ते म्हणाले. "ते पुसलं की आमचा क्लच घसरतो."